ये रे माझ्या मागल्या

आमच्या नागपुरात मे महिन्यात बाहेर पडायचं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्यानं ऊन लागत नाही, असं आजी म्हणायची. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसच्या या उपनगरात खिशात काय ठेवलं की थंडी बाधत नाही, हे सांगायला आजी नाही. म्हणून मी सगळंच ठेवतो. गाडीच्या डिकीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी, चिक्की आणि मांजराच्या संडासाची वाळू. चाक बर्फावर जागच्या जागी गरगरायला लागलं की ती वाळू चाकाखाली टाकायची. एका पाहुण्यांनी डिकीत बॅग ठेवली आणि घरी येईपर्यंत मांजराची चौकशी केली.

बर्फ वितळावा म्हणून इथं रस्त्यावर मीठ टाकतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, झालं, मिटला प्रश्न. पण पारा उणे ९ सेल्सिअसच्या खाली उतरला की मिठाचा जोर ओसरतो. उणे २५ला ते ताटात डावीकडे वाढलेल्या मिठाइतकंच कामाचं. उणे ४०ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, म्हणजे आईला फोनवर आकडा सांगताना हिशेब करावा लागत नाही. सोय म्हणायची तर एवढीच.

खरा लबाड तो ब्लॅक आइस, म्हणजे डांबरावरचा पातळ, पारदर्शक बर्फ. रस्ता नुसता ओला दिसतो, आणि गाडी आपलं ऐकेनाशी होते. अशा वेळी ब्रेकवर उभं राहायचं नाही आणि मागचं धूड ज्या बाजूला जातंय, त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचं, असं शिकवलं होतं. पण मी नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीत गाडी शिकलेला माणूस. ऐन वेळी ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजवला. समोर फक्त स्टॉपची पाटी होती. ती हलली नाही.

तरी हे सगळं रस्त्यावर पोचल्यानंतरचं. परवा रात्रभर बर्फ पडला. सकाळी सहाला नाकातले केस गोठवत मी ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, उपसायला लागलो. सव्वा तास. वरचा बर्फ कापसासारखा, खालचा दगडासारखा. कमरेनं राजीनामा दिला, पण शेवटी काळं डांबर दिसलं. शेणानं सारवलेल्या अंगणाकडे पाहावं तसं मी त्याच्याकडे पाहत होतो. तेवढ्यात कोपऱ्यावर पिवळा दिवा चमकला. प्लाऊ, बर्फ हटवणारा ट्रक! अख्ख्या गल्लीचा बर्फ बाजूला सारत तो आला आणि माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बंधारा घालून गेला. चालकानं हात केला. या राज्यात उत्तर द्यावंच लागतं. मीही केला, हसून.

मिनेसोटाचं वाहतूक खातं दर हिवाळ्यात आपल्या प्लाऊंसाठी नावं मागवतं आणि लोक मतं देतात. २०२१ साली 'प्लाऊई मॅकप्लाऊफेस' निवडून आलं होतं. आमच्या गल्लीतला प्लाऊ त्या खात्याचा नाही, पण नाव मी ठरवून टाकलंय: 'ये रे माझ्या मागल्या'.

बंधारा फोडायला आणखी अर्धा तास लागला. गाडीत बसलो, सीट लाकडाच्या पाटासारखी. किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.