एका झाकणात

कोपरात शिंकलो होतो, हे आधीच नोंदवून ठेवतो. तरी परळच्या त्या मेडिकलसमोर मागून निकाल आलाच, "इम्युनिटी डाऊन आहे तुमची."

सत्तरीचे काका. हातात छत्री, काखेत थर्मास.

"वर्षातून कितीदा होते सर्दी?"

"दोन-तीनदा."

"बघा!" हे रांगेला उद्देशून. मोठ्या माणसाला वर्षाला २-३ सर्द्या होणं हीच सरासरी आहे. पण खरं बोललो, तिथेच फसलो.

तेवढ्यात दुकानदाराने माझ्या बायकोच्या गोळ्या काउंटरवर टाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच हं, रोज नाही!"

"ही कशाची?" काका.

"बायकोला आमवात आहे."

"गोळी काय करते पण?"

इथे गप्प बसायला हवं होतं. "प्रतिकारशक्ती आवरते."

मी पदरचं भाडं देऊन घरी चोर आणलेत, असं काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कमी करायची? आणि वर पैसे देऊन? अहो, सगळं जग वाढवायच्या मागे लागलंय!" मागच्या बाई चुकचुकल्या. तिची शक्ती कमी नाही हो, उलट स्वतःच्याच सांध्यांवर उठलीय, असं मी सांगायला गेलो आणि नेमकी शिंक आली. मुद्दा वाहून गेला.

काकांनी थर्मास उघडला. गुळवेल, आलं, मिरी, दालचिनी, "आणि एक वस्तू, ती सांगणार नाही." झाकणात ओतलं, स्वतः फुर्र करून एक घोट घेतला, गरम किती ते तपासलं आणि तेच झाकण माझ्यापुढे धरलं.

"घ्या हो, घरचंच आहे," मागच्या बाई.

प्यालो. माणूस भिडेपोटी काय काय पितो! चव विझलेल्या उदबत्तीची.

"वहिनींनाही द्या," म्हणत त्यांनी गुळवेलीचं एक कांडं माझ्या पिशवीत कोंबलं. इथे मात्र माझं हसू संपतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला यकृताची तपासणी चुकत नाही. आणि २०२१ साली याच मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती खोडून काढली, ते वाद घालोत. पण माझ्या घरात प्रयोग कशाला? शिवाय माझं नाक वाहत होतं ते शक्ती कामावर होती म्हणूनच. शेंबूड, कणकण हे विषाणूपेक्षा आपल्याच पहारेकऱ्यांचे उद्योग. हे रांगेत कोण ऐकणार? "फ्लूची लस घेता का?" एवढं मात्र मी विचारलं.

"लस कशाला? आपलं सगळं नॅचरल!"

आणि हे परळमध्ये! इथल्या संस्थेला ज्यांचं नाव आहे, त्या हाफकिन यांनी १८९७ साली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. थर्मास घेऊन रांगेत फिरले नव्हते.

कांडं कचऱ्यात गेलं. आठवडाभर गरम पाणी, झोप आणि चिडचिड. आठव्या दिवशी सर्दी गेली, जाणारच होती.

त्याच संध्याकाळी काका सिग्नलपलीकडून दिसले. छत्री उंचावून ओरडले, "काय, गेली ना? एका झाकणात!"

आजूबाजूचे चार जण माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली.