उंदीर कुठे आहेत?

गणिती प्रतिमानांच्या, म्हणजे प्रत्यक्षातल्या घटना समीकरणांत मांडणाऱ्या मॉडेलांच्या, पदव्युत्तर अभ्यासासाठी मी ब्रिटनमध्ये आले आणि तिसऱ्याच आठवड्यात वर्गातल्या पडद्यावर मुंबई दिसली. दिसला तो एक आलेख होता: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात तिथे प्लेगने दर आठवड्याला झालेले मृत्यू दाखवणारे ठिपके आणि त्यांमधून जाणारी, समीकरणातून काढलेली, सतराव्या आठवड्याच्या सुमारास ८९० वर पोहोचून उतरणारी रेषा. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांच्या १९२७ सालच्या शोधनिबंधातला हा आलेख या विषयात सर्वांच्या परिचयाचा आहे. गणिताची पदवी घेऊन आलेल्या मला मात्र तो नवा होता. रेषा ठिपक्यांना अगदी बिलगून जात होती. यात काय खटकते, असे शिक्षकांनी विचारले तेव्हा मी मुकाट्याने समीकरण पुन्हा सोडवून पाहू लागले. नायजेरियाहून आलेली माझी वर्गमैत्रीण म्हणाली, "उंदीर कुठे आहेत?"

प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो, आणि त्या समीकरणांत तर फक्त माणसेच होती: ज्यांना लागण होऊ शकते ती, आजारी असलेली आणि बरी झालेली किंवा दगावलेली. माणसांमधली साथ ही उंदरांमधल्या साथीचे प्रतिबिंब असते आणि आपली गृहीतके काटेकोरपणे खरी नाहीत, हे त्या लेखकांनी स्वतःच नमूद केले होते. मुंबईतला प्लेग ऋतूप्रमाणे चढत-उतरत असे, त्यामुळे साथ ओसरण्याचे कारण मॉडेल सांगते तेच, म्हणजे लागण होऊ शकणारी माणसे कमी होणे हेच, असेल असे नाही, हेही पुढे दाखवले गेले. म्हणजे रेषा जुळली, तरी कारण हाती लागलेच असे म्हणता येत नाही.

भारतात सध्या शिक्षणावर जो वाद चालतो, त्यात 'आपल्याकडे पाठांतर, तिकडे आकलन' हे वाक्य ठरलेले असते. मला ते पटत नाही. संकलन असो वा आयगेन मूल्ये, हाताने करायचे गणित आले की वर्गातली अर्धी मुले माझ्या टेबलाशी येत. ही तयारी मला भारतातल्या शिक्षकांनीच दिली होती. फरक मला वेगळ्याच ठिकाणी जाणवला. पहिल्या असाइनमेंटमध्ये माझे उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर असूनही मी जेमतेम उत्तीर्ण झाले, कारण समासात चार ठिकाणी एकच प्रश्न लिहिलेला होता: 'हे का धरले?' आपल्या प्रश्नपत्रिकेत 'असे माना की' हे वाक्य परीक्षकाचे असते. इथे ते विद्यार्थ्याने लिहायचे असते आणि त्याचा बचावही त्यानेच करायचा असतो. अभ्यासक्रमाची पुस्तके जवळपास तीच आहेत. मात्र असा पेपर तपासायला एकच एक आदर्श उत्तर नसते, आणि उत्तरपत्रिकांच्या ढिगाशी झुंजणाऱ्या आपल्या प्राध्यापकांना हा वेळ कोण देणार, याचे उत्तर त्या वादात कुणी देत नाही.

गृहीतके तपासण्याच्या या सवयीच्या अभावाची किंमत वर्गाबाहेरही मोजावी लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, खबरदारीचे नियम पाळले गेले तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत कोविडची साथ आटोक्यात येईल, असे सांगितले होते. चर्चेत 'तर' गळून पडला आणि 'फेब्रुवारी' तेवढा उरला. दुसरी लाट आल्यावर सगळे गणितच ज्योतिषाच्या रांगेत बसवले गेले. समितीवर टीका व्हायलाच हवी होती, पण ती गृहीतकांवर व्हायला हवी होती. इथले लोक याबाबतीत शहाणे आहेत असा गैरसमज मात्र नको. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या अहवालात, काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये सुमारे ५,१०,००० मृत्यू होतील, असे म्हटले होते. उपाय केले गेले, आकडा तेवढा झाला नाही, आणि मॉडेल खोटे ठरले असे म्हणणारे मला आजही इथे भेटतात. 'तर' विसरण्यात दोन्ही देश सारखेच आहेत.

परदेशी विद्यार्थ्याला इथे हे सगळे घाईत पचवावे लागते. एमएस्सी साधारण बारा महिन्यांची, त्यातला उन्हाळा प्रबंधात जातो आणि व्हिसाची मुदत मनातून हलत नाही. माझा प्रबंध डेंग्यूवर आहे. मी सात गृहीतके लिहिली होती. त्या मैत्रिणीने तिसऱ्यावर, म्हणजे डासांची संख्या वर्षभर सारखीच असते या वाक्यावर, काट मारली आणि माझे तीन आठवडे गेले.

मागच्या रविवारी मामांनी फोनवर विचारले, "मग सांग, यंदा डेंग्यूचे किती रुग्ण होणार?" मी विचारले, कोणत्या भागात, पाऊस किती धरायचा आणि साठवलेल्या पाण्यावर झाकणे असतील की नाही? मामांनी फोन आईकडे दिला.