डिपॉझिट सोडून येण्याची रीत

भद्रावतीहून ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे जाताना कपाशीच्या वावराला लागून एखादं टुमदार घर दोन रात्रींसाठी घ्यायचं आणि निघताना पाच हजारांचं डिपॉझिट मालकाला आहेर करून यायचं, हे वाटतं तितकं अवघड नाही. थोडी भीड आणि थोडी घाई एवढं भांडवल पुरतं.

सुरुवात पैसे देण्यापासूनच करा. बुकिंग अ‍ॅपवरून झालेलं असलं तरी मालक म्हणाला, "डिपॉझिट यूपीआयवर वेगळं टाका न भाऊ, तिकडे कमिशन कापतेत," की लगेच टाका. शेऱ्याची जागा रिकामी सोडा. तिथे 'डिपॉझिट, परत मिळणारे' आणि मुक्कामाच्या तारखा लिहिल्या तर ते उद्या डिपॉझिटच ठरेल; रिकामी सोडली तर भाडं, जेवण, जिप्सी, काहीही ठरू शकतं. शिवाय अ‍ॅपच्या बाहेरून दिलेल्या पैशांत अ‍ॅपवाले पडत नाहीत. तुम्ही आणि मालक, मध्ये तिसरा कोणी नाही. घरोबा वाढतो.

पोचल्यावर घराचे फोटो काढू नका. मालक चहाचा कप घेऊन उभा, "घरच्यासारखं राहा," म्हणतोय आणि तुम्ही त्याच्या फरशा टिपताय, कसं दिसेल ते? दारापासून संडासापर्यंत न थांबता चार मिनिटांचा व्हिडिओ, नळ सोडून, गीझर लावून, कूलर चालू करून, असले उद्योग संशयी माणसांचे. तुम्ही वाघाचे चारशे काढा. त्यातूनही एखादा फरशीचा निघालाच, तर व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवा आणि मूळ उडवून टाका. तसा पाठवला की त्याच्या पोटातली तारीख, वेळ, जागा गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते, तेव्हा तो मोह टाळा.

आता फरशी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पायाचं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. चौकटीच्या कोपऱ्यातून वर निघालेली तिरपी भेग, अडकणारं दार, खोलीच्या मधोमध तडकलेली फरशी, ही सगळी एकाच घरातली भावंडं. मालकाच्या मते मात्र तडा तुमच्या बॅगेने गेला. तेव्हा वाकून बघू नका. जुन्या तड्यात पोछ्याचं मळकट पाणी मुरून काळी रेघ बसलेली असते. ताज्या तड्याची कड स्वच्छ असते आणि बोटाला धारदार लागते. खिशातलं नाणं काढून ठोकूही नका. खाली मसाला नीट भरलेली फरशी टणक वाजते, पोकळी राहिलेली बद्द वाजते, आणि अशी फरशी पलंगाच्या पायाखालीही तडकते. शेजारच्या दोन-तीन फरशाही बद्द वाजल्या तर दोष गवंड्याकडे जायचा, आणि बिचारा गवंडी कशाला मध्ये आणता?

कूलरचंही तसंच. त्यात दोन वेगवेगळ्या वस्तू असतात: पाती फिरवणारी मोटर, आणि टाकीतल्या पाण्यात बुडालेला मुठीएवढा पंप, जो बाजूच्या वूडवूलच्या ताट्यांवर पाणी चढवतो. पंपाचं बटण बहुतेक वेळा वेगळं असतं. पहाटे सफारीला निघताना ते चालूच ठेवा. मे महिन्यात दुपारपर्यंत टाकी आटते, पंप कोरडा फिरतो आणि जळतो. पाती फिरताहेत पण ताट्या कोरड्या आणि वारा गरम, म्हणजे गेला तो पंप. पंप काही शेकड्यांत येतो, गावातला इलेक्ट्रिकवाला तासाभरात बसवून देतो. मालकाच्या यादीत तो 'मोटर' म्हणून आला तर हा फरक उगाळू नका. पंपाच्या जाळीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आणि वूडवूलचा भुसा दाटून बसला असेल, म्हणजे तो जळायच्या बेतात आधीच होता, तर तिकडेही काणाडोळा करा. आणि खरोखर तुमच्याच हातून गेला असेल तर त्याच संध्याकाळी सांगून, नवा बसवून, दुकानाची पावती ठेवण्याचा शहाणपणा नको. मालक खूश होईल आणि प्रकरण तिथेच मिटेल.

चादरीवर सावजीची तर्री सांडली की धावत जाऊन साबण चोळा. साबणाने हळद लालभडक होते. तो डाग सकाळी मालकाच्या फोटोत खुनाच्या जागेसारखा दिसतो. स्वच्छ धुऊन उन्हात टाकली तर हळदीचा रंग उडतो, आणि ऊन विदर्भात फुकट आहे. पण वाट कोण बघतो?

घरी पोचलात की रात्री मेसेज येईल: कूलर मोटर 2,200, फरशी 3,500, चादर 1,300, एकूण 7,000, डिपॉझिट वजा जाता 2,000 पाठवावे. ताबडतोब "सॉरी भाऊ, बघतो" असं लिहा. बाकी सगळं फोनवर बोला, म्हणजे लेखी एवढी कबुलीच राहील. मागणी अ‍ॅपमधून आली असेल तर उघडूच नका. एअरबीएनबीवर यजमानाला मागणी टाकायला चेकआउटनंतर 14 दिवस असतात, पाहुण्याला उत्तर द्यायला 24 तास. तेवढे तास लग्नाच्या पंगतीत सहज जातात.

बिल मागणं तर फारच वाईट. मागितलंच तर जे येईल ते डोळे मिटून माना. वर 'कोटेशन' छापलेलं असेल, गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'रोख' असेल, तारीख तुम्ही पोचायच्या आठवडाभर आधीची असेल. जीएसटीत नोंदलेल्या दुकानदाराच्या पक्क्या बिलावर त्याचा 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. तुम्ही कशाला तपासता? कूलर किती उन्हाळे चालला होता हेही विचारू नका, नाहीतर जुन्याच्या बदल्यात नव्याची किंमत कशी, असा प्रश्न निघेल. भिंतीवरच्या नियमावलीत 'काहीही तुटल्यास 5,000 दंड' लिहिलंय ना? मग झालं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 म्हणतं की आकडा लिहिलेला असला तरी त्याच्या आतली वाजवी भरपाईच मिळते. पण भिंतीपुढे कलमाचं काय चालतं!

राग आला तर "पैसे परत द्या, नाहीतर एकच तारा देतो," असं लिहून पाठवा. अशी धमकी अ‍ॅपच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे तुमचा रिव्ह्यूही उडेल. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांपर्यंत, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. म्हणजे नागपूरकराला चंद्रपूरचा हेलपाटासुद्धा पडणार नाही, आणि हेलपाट्याशिवाय कोर्टकचेरीत मजा काय?

तेव्हा उरलेले 2,000 पाठवून द्या. या वेळी शेरा रिकामा ठेवू नका. 'नुकसानभरपाई' असं स्वच्छ अक्षरात लिहा.