केरसुण्या घेऊन आलेल्या बायका

ऑक्टोबर लागला की बॉस्टनजवळच्या आमच्या गावात दारोदारी हॅलोविनचे भोपळे येऊन बसतात आणि कुणाच्या ना कुणाच्या घरी ‘प्रॅक्टिकल मॅजिक’ लागतो. 1998 सालचा सिनेमा. सँड्रा बुलक आणि निकोल किडमन या दोघी बहिणी, दोघीही चेटकिणी. यांच्या घराण्यातल्या बाईवर ज्याचा जीव जडेल तो मरणार, असा शाप. कथेची वीण सैल आहे आणि प्रेमकथा मध्येच टाकून भुताटकी सुरू होते, तरी मला हा सिनेमा मनापासून आवडतो.

हे फोनवर सांगितलं तर शहाद्याला शिक्षिका असलेली मावसबहीण चिडली. “ताई, इथे बाईला डाकीण ठरवून मारतात आणि तुम्ही तिकडे टोकदार टोप्या घालून चेटकिणी होता?”

तिचा राग मला पटला. सातपुड्यात पोर दगावलं, जनावर मेलं की बोट एखाद्या विधवेकडे वळतं. कितीदा तरी त्यामागे तिच्या वाट्याची जमीन असते. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले, तो 2013 मध्ये त्यांच्या खुनानंतर आला. 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा त्यात आहे. आणि इथे, तासाभरावरच्या सेलममध्ये, पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे. 1692 मध्ये याच गावाने चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिलं, त्यात 14 बायका. फाशीच्या जागेवरचं स्मारक उभं राहायला 2017 उजाडलं. एका औषधाच्या दुकानामागे आहे ते. तिथे मी गेले तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. गर्दी सगळी टोप्यांच्या दुकानांत.

तरीही सिनेमाची बाजू मी सोडणार नाही, ती त्याच्या शेवटासाठी. लहानपणापासून या बहिणींना “चेटकीण, चेटकीण” म्हणून गावाने दगड मारलेले असतात. धाकटीला छळणारा प्रियकर मेल्यावरही तिच्या अंगात शिरतो, तेव्हा थोरली त्याच गावातल्या बायकांना फोन लावते. आणि त्या येतात, हातात केरसुण्या घेऊन, गोल करून उभ्या राहतात. केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करायला लावणारी माझी आजी मला तिथे दर वेळी आठवते.

आपल्याकडचा वाद करणी खरी की खोटी इथेच घुटमळतो. खोटी आहे, हे ठणकावून सांगायलाच हवं. पण तेवढ्याने त्या बाईच्या दाराशी कुणी उभं राहत नाही. आरोप खोटा आहे हे ओळखणाऱ्या शेजारणीही कडी लावून आत बसतात. सिनेमा नेमका त्या कडीबद्दल बोलतो. खोट एवढीच, की त्यातली कडी एका फोनने निघते. सेलमच्या खटल्यांत दोषी ठरलेल्यांपैकी कागदोपत्री दोषी राहिलेली शेवटची बाई, एलिझाबेथ जॉन्सन, 2022 मध्ये निर्दोष ठरली, 329 वर्षांनी. तेही आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा केला म्हणून.

हे ऐकून बहीण बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आठवीचा वर्ग माझ्याकडेही आहे. तो शेवटचा प्रसंग मराठीत लिहून पाठवशील?”

लिहायला घेतलाय. केरसुण्यांपाशी पोचलेय.