लॉगबुक भरून डॉक्टर होत नाही म्हणता?

डॉक्टर आणि सिस्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे: "कौशल्यांच्या याद्या, लॉगबुक हा कागदी खेळ. खेड्यातला डॉक्टर अनुभवानेच घडतो. गुंतागुंतीचा रुग्ण यादीत बसत नाही." विदर्भातल्या रुग्णासाठी हे तिन्ही दावे घातक आहेत.

कागदी खेळ? २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आहे. ठरावीक कौशल्यं विद्यार्थ्याने देखरेखीखाली स्वतः करून दाखवायची, मगच लॉगबुकात, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, सही. न बघता सही ठोकणाऱ्याला जाब विचारा. मानकच काढून टाकलं तर तोच सुटेल.

आता अनुभव. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशीच्या हंगामात असा रुग्ण रात्री येतो, तेव्हा आधी फवारलेल्या औषधाचा डबा मागवायचा, कारण प्रत्येक विषावर ॲट्रोपिन हा उतारा चालत नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर छातीतली घरघर थांबेपर्यंत, नाडी आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर जाईपर्यंत ॲट्रोपिन द्यायचं. फरक नसेल तर दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट. नुसती नाडी वाढली म्हणून हात आखडला तर माणूस स्वतःच्याच स्रावात गुदमरतो. जास्त झालं तर ताप, भ्रम, बडबड. आणि रुग्ण सावरला असं वाटल्यावर, १ ते ४ दिवसांत, श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. म्हणून त्याला रोज उशीवरून मान उचलायला लावायची; ती उचलता येईना, तर तो धोक्याचा इशारा. हे कुणाच्या नजरेखाली न शिकलेल्या डॉक्टरचा "अनुभव" पहिल्या रुग्णाच्या जिवावर उभा राहतो. चूक दाखवणारं कुणी नसेल तर तीच चूक वीस वर्षं होत राहते, आणि तिलाही अनुभवच म्हणतात.

गुंतागुंत यादीत बसत नाही, हेही खरं नाही. गडचिरोलीतली सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) गरोदर बाई घ्या. रक्त कमी दिसलं म्हणून न तपासता लोहाची इंजेक्शनं द्यायची नाहीत, केव्हा पुढे पाठवायचं ते ओळखायचं, पाठवण्याआधी तिकडे फोन करायचा, माडिया बोलणाऱ्या सासूला आशाताईकरवी समजवायचं. संवाद, रेफरल, सहकाऱ्यांसोबतचं काम, सगळं मानकांत आहे. याच जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या स्त्रियांकडे पदवी नव्हती. काम शिकवलेलं होतं, तपासलेलं होतं.

तक्रार करायचीच तर ही करा: ग्रामीण रुग्णालयात इंटर्न येतो, पण त्याचं काम शेजारी उभं राहून बघणारा वरिष्ठ तिथे नसतो. ते पद आधी भरा.