बँकेनं जप्त केलेला बंगला स्वस्तात घ्यायचाय? मग डोकं लावू नका

पेपरच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात ई-लिलावाची जाहिरात दिसली, नागपुरात वर्धा रोडकडचा बंगला, स्विमिंग पूल, होम थिएटर, अन् राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली चालत नाही ती, बाजारभावापेक्षा बरीच कमी, म्हणजे भाऊ तुमचं नशीब उघडलंच समजा. आता जास्त चौकशी करत बसू नका. चौकश्या करणारे सगळे अजून भाड्यानंच राहतात.

जाहिरातीत "जसे आहे जेथे आहे" वगैरे लिहिलेलं असतं, ते सोडून द्या, बँकेनं जागा भरायला टाकलेलं असतं. पुढे "सांकेतिक ताबा" असं दिसलं तर उलट खुश व्हा. म्हणजे बँकेनं गेटवर नोटीस चिकटवली, फोटो काढला अन् घरी गेली. मालक, त्याची म्हातारी आई अन् त्याचं कुत्रं अजून आतच आहे. तुम्ही पैसे भरले की तो माणूस चहा पाजून किल्ल्या हातात देईलच, नाही का? थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण घर जप्त करून विकू देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्यात कलम 14 आहे म्हणे, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन प्रत्यक्ष ताबा घेण्याचं, पण ते झालंय की नाही हे लिलावाआधी विचारणं बरं दिसत नाही. अन् बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला 45 दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं, तर जाऊ द्या ना. डीआरटी नागपुरातच आहे, तारखेला जायला ऑटोचे पैसे तेवढे लागतील.

घर रिकामं झालेलं असेल तर पाहणीला मात्र नक्की जा, शक्यतो संध्याकाळी, कारण लाईट कापलेली असते अन् अंधारात घर फार छान दिसतं. पूलच्या तळाशी कडुनिंबाचा पाला सडलाय तिकडे लक्ष देऊ नका, सेल्फीत येत नाही. बाथरूममध्ये नळाच्या जागी दोन भोकं अन् त्यात अडकलेला पांढऱ्या टेपचा तुकडा, एसीच्या जागी भिंतीतून लोंबणारा कापलेला तांब्याचा पाइप, किचनमध्ये चिमणीच्या जागी तेलकट चौकोन... याला आजकाल मिनिमलिस्ट इंटिरियर म्हणतात. जाताना मालक सगळं घेऊन गेला, इटालियन मार्बल उखडला नाही म्हणून राहिला. बंगला अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूचा असेल अन् भिंतीवर एक मातकट आडवी रेघ दिसली, तर ती टेक्सचर पेंटची डिझाईन समजा. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे तलाव ओव्हरफ्लो होऊन लोकांच्या हॉलमध्ये पाणी शिरलं होतं, हे काहून आठवायचं आत्ता?

आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, विचारू नका. लेआउट मंजूर आहे का, नकाशा एका मजल्याचा अन् बंगला तीन मजल्यांचा कसा, असले प्रश्न विचारले की लोक तुम्हाला कंजूस समजतात. बँकेनं लोन दिलं म्हणजे कागद बघितलेच असतील की! तेच लोन बुडालं म्हणून तीच बँक आता घर विकायला निघालीय, हा विचार मनात आलाच तर सरळ उठा अन् कुठंतरी तर्री पोहे खाऊन या.

पैशाचं तर सोपंच आहे. इएमडी, म्हणजे बोलीआधी भरायची अनामत, साधारण 10 टक्के, बोली लागली की ते धरून 25 टक्के त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या वर्किंग डेला, अन् विक्री कन्फर्म झाल्यावर उरलेले 75 टक्के 15 दिवसांत. होम लोन आधी सँक्शन करून ठेवायची काय घाई, 15 दिवसांत तर अख्खं लग्न उरकतं. नाही जमलं अन् बँकेनं मुदतही वाढवली नाही तर भरलेले पैसे जप्त होतात, एवढंच. मागच्या मालकाचं थकलेलं लाईट बिल नव्या मालकाकडून वसूल करता येतं असं सुप्रीम कोर्टानं 2023 मध्येच सांगितलंय, पण तुमच्याकडे कोण मागणार हो? मनपाचा टॅक्स अन् सोसायटीचा मेंटेनन्स तर तुम्हाला बघून माफच करतील.

कोणी म्हणालं की वकिलाकडून 30 वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांचा तपास, करून घे, तर त्याला विचारा, फी कोण देणार? तेवढ्या पैशात गृहप्रवेशाला सावजी मटण होतं. केटररला आजच अॅडव्हान्स देऊन टाका. फक्त तारीख पक्की करताना डीआरटीच्या बोर्डावर एकदा नजर टाका, त्याच दिवशी तुमची केस लागलेली नसली म्हणजे झालं.