कंट्रोलर हातात, तरी कीबोर्ड मांडीवर!

हॉलमधला कॉम्प्युटर टीव्हीला जोडला की झाला गेमचा कन्सोल, असं म्हणणाऱ्यांनी एकदा रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्याकडं यावंच. गेम विकणाऱ्या स्टीम ॲपचा टीव्हीसाठीचा बिग पिक्चर मोड २०१२ पासून आहे, सिनेमे-गाणी लावायचं कोडी तर मूळचं एक्सबॉक्ससाठीच बनलेलं. सोफ्यावरून चालवायची सोय झाली, मान्य. पण गेम सुरू केला रे केला, की मध्येच गेमवाल्यांचा वेगळा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्राम, उपटतो! पासवर्ड मागतो, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. बटणं दाबून अंगठा दुखला तरी ती खिडकी ढिम्म हलत नाही. उठा, कीबोर्ड शोधा. तिकडं भाचा ओरडतोय, "मामा, लाव की लवकर!"

आणि ती सीईसी नावाची सोय! कन्सोल चालू केला की टीव्ही आपोआप सुरू होतो, कारण एचडीएमआयच्या वायरीतूनच तसा निरोप जातो. पीसीच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत ही सोयच नाही. एवढी महागडी कार्डं, आणि एवढ्याशा निरोपासाठी यूएसबीचा वेगळा अडॅप्टर घ्यायचा? आईला रात्री भजन लावायचं तर तिनं दोन रिमोट आणि माऊस का सांभाळायचा? किमान तो लाँचर तरी कंट्रोलरनं बंद होऊ द्या की राव!